लहान पिल्लू दिवसा घरी एकटं ठेवताना : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या घरांत नवं पिल्लू आलं आहे किंवा येणार आहे, तिथून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं आठ आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांसाठी आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दोन महिन्यांचं पिल्लू सलग किती वेळ एकटं राहू शकतं?

जास्तीत जास्त दोन तास, तेही सवय लावल्यावर. हिशेब सोपा आहे: जितके महिने, तितके तास. तीन महिन्यांचं तीन तास, चार महिन्यांचं चार. सहा महिने झाल्यावरही पाच-सहा तासांच्या पुढे ताणू नका.

हा हिशेब लघवी धरून ठेवण्याचा आहे. मनाचा हिशेब वेगळा असतो. चार महिन्यांचं पिल्लू चार तास लघवी धरेल, पण आजवर एक मिनिटही एकटं राहिलेलं नसेल तर दहाव्या मिनिटाला बिथरेल. त्यासाठीचा सराव प्रश्न ४ मध्ये आहे.

"रात्री तर सहा तास झोपतं, मग दिवसा का नाही?" असं बरेच जण विचारतात. रात्री घर शांत असतं, तुम्ही जवळ असता, झोपेत लघवीही कमी तयार होते. दिवसा ते उठतं, पाणी पितं, खेळतं, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीनंतर त्याला लघवी लागते.

२. आम्ही दोघंही नोकरीला. सकाळी नऊला निघतो, बुटीबोरीहून परत यायला सात वाजतात. पिल्लू आणावं का?

दुपारी घरात कोणी येणार नसेल, तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण पुढचे बहुतेक त्रास इथूनच सुरू होतात. दहा तास बंद राहिलेलं पिल्लू आपल्याच अंथरुणात लघवी करतं, त्यातच झोपतं, आणि झोपायची जागा कोरडी ठेवायची त्याची उपजत सवय मोडते. ती परत लावायला महिने जातात.

नऊ ते सातच्या दिवसात दोन महिन्यांच्या पिल्लासाठी चार फेऱ्या लागतात, म्हणजे घरात माणूसच हवा. तीन महिन्यांचं झालं की तीन फेऱ्या, चार-पाच महिन्यांना दोन (साडेबारा आणि चार), सहावा संपल्यावर दुपारी दोनची एक. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, कॉलेजला जाणारा भाचा, पैसे घेऊन येणारी मावशी, कोणीही चालेल. पण वेळ पाळणारा माणूस पिल्लू आणण्याआधी ठरलेला हवा.

सुट्ट्या काढणार असाल तर दोघांनी एकदम काढू नका. एकाचा आठवडा संपला की दुसऱ्याचा, म्हणजे पंधरा दिवस मिळतात. इतक्या फेऱ्या जमणार नसतील तर दीड-दोन वर्षांचा, शांत स्वभावाचा कुत्रा दत्तक घ्या. निरोगी मोठा कुत्रा सवयीने सहा तास आरामात राहतो, म्हणजे त्याला दुपारची एकच फेरी पुरते.

३. त्याला ठेवायचं कुठे? बाल्कनीत चालेल का?

बाल्कनी, गच्ची, संडास-बाथरूम आणि जिन्याखालची जागा, यातलं काहीच नको. बाल्कनीत ऊन फिरतं, ग्रिलच्या फटीतून डोकं अडकतं आणि रस्त्यावरच्या प्रत्येक आवाजावर भुंकायची सवय लागते.

घरातली माणसं जिथे बसतात त्याच खोलीत साधारण चार बाय पाच फुटांचा कोपरा जाळीने वेगळा करा. लहान जातीला दोन फूट उंचीची जाळी पुरते. लॅब्राडॉर किंवा गावठी पिल्लू चौथ्या महिन्यात दोन फुटांवरून चढून बाहेर येतं, त्याला तीन फूट हवी. दोन गजांमध्ये डोकं जाईल एवढं अंतर नको. जाळी भिंतीला नीट बांधा, नुसती टेकवून ठेवलेली जाळी पिल्लू ढकलत नेतं.

आतली मांडणी: एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला लघवीची जागा, मधे पाणी. अंथरुणासाठी जुनी सुती चादर चौपदरी करून घाला. त्यात तुमचा एक न धुतलेला टीशर्ट ठेवा, त्या वासाने पिल्लं लवकर शांत होतात. कापूस किंवा फोमची गादी नको. फाडून गिळली तर आतड्यात अडकते. पाण्याला पसरट, जड मातीचं परळ घ्या. ते सहज उलटत नाही आणि पाणीही गार राहतं. गळ्यातला पट्टा निघताना काढून ठेवा, जाळीत अडकून फास बसू शकतो.

४. एकटं राहायची सवय नेमकी कशी लावायची?

घरी आणल्यावर दोन दिवस रुळू द्या, तिसऱ्या दिवशी सराव सुरू करा. पंधरा दिवस चोवीस तास मांडीवर घेऊन सोळाव्या दिवशी एकदम ऑफिसला जाणं, ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे.

सुरुवात घरात असतानाच करा. पिल्लू कोपऱ्यात, तुम्ही जाळीबाहेर खुर्चीवर, त्याच्याकडे न बघता. मग उठून स्वयंपाकघरात जा आणि पाच सेकंदांत परत या. मग पंधरा सेकंद, तीस, एक मिनिट. प्रत्येक वेळी ते रडायला लागण्याआधी परत यायचं, हीच यातली खरी किल्ली आहे. रडलं याचा अर्थ तुम्ही वेळ फार वाढवली. मागच्या पायरीवर जा.

पुढचा टप्पा निघण्याच्या खुणांचा. गाडीची चावी वाजली, बूट घातले, डबा पिशवीत गेला, की पिल्लाला कळतं आता माणूस जाणार. म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा चावी उचला आणि सोफ्यावर जाऊन बसा. बूट घाला आणि कांदे चिरायला घ्या. चार-पाच दिवसांत चावीच्या आवाजाला ते मानही वर करत नाही.

मग खरंच दाराबाहेर. एक मिनिट, तीन, पाच, दोन, आठ, चार, बारा. आकडा दर वेळी वाढवत नेऊ नका, मधेच कमी करा, नाहीतर प्रत्येक वेळ आधीपेक्षा कठीण होत जाते. सुरुवातीला रोज दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त सराव नको. चाळीस मिनिटं शांत राहिलं की पुढचा रस्ता सोपा होतो, कारण बहुतेक पिल्लं पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच घाबरतात. तिथून एक तास, दीड, दोन.

जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवा आणि बसण्याची पद्धत बघा. पुढचे पाय समोर, मागचे दोन्ही पोटाखाली घट्ट, नजर दाराकडे असेल तर ते अजून वाट बघतंय. मागचे पाय एका बाजूला पडले, कंबर कलली आणि हनुवटी फरशीवर आली की सैलावलं. अशी कंबर कलण्याआधी वेळ वाढवू नका.

निघताना लाड करून निरोप घेऊ नका. "आलोच हं" एवढं एकच वाक्य, रोज तेच, साध्या आवाजात. परत आल्यावर आधी पिशवी ठेवा, पाणी प्या, चार पाय जमिनीवर आले की मग जवळ घ्या. आणि लगेच लघवीला न्या.

५. दार लावलं की रडतं. परत जायचं की रडू द्यायचं?

आधी रडणं ओळखा. एक-दोन मिनिटं कुरकुर करून थांबलं तर थांबा, ते स्वतःला शांत करायला शिकतंय. आवाज चढत गेला, जाळीवर नखं मारणं, लाळ गळणं, स्वतःभोवती गोल फिरणं सुरू झालं, तर परत जा. "रडून रडून थकेल आणि शिकेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. थकतं खरं, पण शिकतं एवढंच की एकटं राहणं म्हणजे संकट. परत आलात म्हणून ते बिघडत नाही. फक्त पुढच्या वेळी प्रश्न ४ मधली कमी वेळ निवडा.

तीन-चार आठवडे नियमित सराव करूनही दर वेळी असंच होत असेल, एकटं असताना खाऊला तोंडही लावत नसेल, दाराची चौकट कुरतडून हिरड्यांतून रक्त काढत असेल, तर तो हट्ट समजू नका. त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. अशा भीतीवर उपचार आहेत.

६. क्रेट म्हणजे पिंजराच ना? त्यात कोंडणं बरं वाटत नाही.

दार उघडं असताना पिल्लू आपणहून आत जाऊन झोपत असेल तर क्रेट ही त्याची खोली आहे. ढकलून आत घालावं लागत असेल तर तो पिंजराच. मापाने, उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यायला हवं. दार लावून दिवसा एका वेळी दोन तासांच्या आतच. त्यापेक्षा जास्त वेळ जायचं असेल तर क्रेटचं दार उघडं ठेवून तो प्रश्न ३ मधल्या कोपऱ्यात ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात चारी बाजूंनी बंद प्लॅस्टिकचा क्रेट वापरूच नका, जाळीचा घ्या.

७. एकटं असताना लघवी-शी कुठे करेल? बाहेर करायची सवय मोडणार नाही का?

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला आत जागा द्यावीच लागते. वर्तमानपत्राचे पाच-सहा थर किंवा शोषून घेणारं पॅड, अंथरुणापासून सगळ्यात लांबच्या टोकाला. बदलताना सगळ्यात खालचा किंचित वासाचा कागद वर ठेवा, म्हणजे तीच जागा त्याच्या लक्षात राहते. बाहेर नेता आलं की कागदाची जागा आठवड्याला थोडी थोडी दाराकडे सरकवा.

चुकीच्या जागी झालं तर आधी कागदाने टिपा, मग अर्धं पाणी-अर्धं व्हिनेगर घालून पुसा. अमोनिया असलेल्या द्रावणांचा पिल्लाला लघवीसारखाच वास येतो, ते पुन्हा तिथेच करतं. काळं फिनाइल नकोच, पंजे चाटताना ते पोटात जातं. संध्याकाळी सातला आल्यावर दुपारी दोनच्या डबक्यात नाक घासून काही उपयोग नाही. दोन्हीचा संबंध त्याला लागत नाही, ते फक्त तुमच्या येण्याला घाबरायला लागतं.

८. खाणं भरून ठेवून जावं का?

नाही. दोन ते चार महिन्यांत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, ठरलेल्या वेळी. दिवसभर भांडं भरलेलं असलं की शीची वेळ ठरत नाही. भिजवलेलं खाणं, दूध-पोळी किंवा दहीभात एप्रिल-मेमध्ये तासाभरात आंबायला लागतो.

निघण्याआधीचा क्रम असा ठेवा: एक तास आधी खाणं, मग शी-लघवी, मग पंधरा-वीस मिनिटं खेळ, पुन्हा लघवी, शेवटची दहा मिनिटं शांत. दमून झोपायच्या बेतात असतानाच निघा. या वयाची पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे क्रम जमला तर तुमच्या गैरहजेरीचा बराच वेळ झोपेतच जातो. पोकळ रबरी खेळण्यात थोडं उकडलेलं गाजर किंवा घरचं दही भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा आणि निघतानाच द्या. एरवी देऊ नका, त्याचं अप्रूप टिकलं पाहिजे.

चिहुआहुआ, पॉमेरियन, यॉर्की यांसारख्या अगदी लहान जातींत तीन-चार महिन्यांपर्यंत उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरते. पिल्लू लटपटतं, कधी झटके येतात. त्यांना दिवसा चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका, म्हणजेच त्यांच्यासाठी दुपारची फेरी टाळताच येत नाही.

९. मे महिन्यात कूलर लावून जावं का?

लावायला हवाच, पण नागपुरात सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची घ्यावी लागते. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ अंशांना टेकतो आणि गच्चीखालच्या खोलीत दुपारी बारापेक्षा चार-पाचला जास्त तापतं, कारण तोपर्यंत स्लॅब तापलेला असतो. पिल्लाला घाम येऊन थंड होता येत नाही, ते धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतं.

पहिला धोका करंटचा. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि ओल्या पायांचं पिल्लू हे एकत्र येऊ देऊ नका. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असू द्या. खोलीतच असेल तर पिल्लाच्या जाळीपासून किमान चार फूट लांब, वायर भिंतीवरून वर घेतलेली. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं गळती करंट तोडणारं स्विच बसवा. नुसता एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. खालची टाकी झाकलेली हवी. डासांसाठी लोक त्यात औषध किंवा रॉकेलचे थेंब टाकतात आणि तहानलेलं पिल्लू तेच पाणी पितं. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा गळालेला भुसाही ते चघळतं.

दुसरा धोका वीज जाण्याचा. दारं-खिडक्या बंद आणि कूलर थांबला तर खोली भट्टी होते. म्हणून कूलरच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवा. तशीही ती लागतेच, हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. पिल्लाला तळमजल्यावरच्या किंवा उत्तरेकडच्या खोलीत ठेवा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, फरशीचा काही भाग अंथरुणाविना उघडा म्हणजे पोट टेकवून झोपता येईल. पाण्याची दोन परळं दोन कोपऱ्यांत ठेवा. इन्व्हर्टरवर निदान पंखा जोडा. वीज गेल्यावर अर्ध्या तासात पोहोचेल असा माणूस ठरवलेला नसेल तर एप्रिल ते जून मध्यापर्यंत दुपारी पिल्लाला एकटं ठेवू नका.

पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना कूलर पुरत नाही, त्यांना एसी लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत कूलर कोणाच्याच कामाचा नाही, पंखा आणि वाहती हवा ठेवा.

१०. घरातलं काय काय उचलून ठेवायचं?

फरशीवर पिल्लाच्या उंचीला डोळे आणून एकदा खोलीभर बघा. मोबाइलचा लोंबता चार्जर, डासांच्या मशीनची बाटली, उंदराचं औषध, कपाटातल्या डांबर गोळ्या, मोजे, रबरबँड, बटणाएवढे सेल. औषधांत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. कुंड्यांमध्ये कण्हेर.

खाण्यात चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण. तर्री-पोहे किंवा सावजी रश्श्याचं उरलेलं पातेलं ओट्याखाली ठेवू नका. तिखटाचा त्रास वेगळा, पण त्यातला कांदा-लसूण रक्ताला घातक आहे, आणि शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं. संत्र्याची बी काढलेली एक-दोन फोड चालते, सालं मात्र पोट बिघडवतात. कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा.

११. अंगणात साखळीने बांधून गेलो तर?

नको. पिल्लू खुंटीला गुंडाळलं जातं, सावली सरकली की उन्हात अडकतं, रस्त्यावरचे कुत्रे आले तर पळता येत नाही. कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड साखळीला जखडून ठेवणं किंवा कायम बांधून फिरायलाच न नेणं, हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून आलं आहे.

१२. दुपारी येणाऱ्या मावशींना काय काय सांगायचं?

तोंडी सांगू नका, कागदावर लिहून जाळीजवळ चिकटवा: आल्याबरोबर लघवी, मग मोजलेलं खाणं (तेवढंच एका डब्यात काढून ठेवा), पाणी बदलणं, पंधरा मिनिटं खेळ, पुन्हा लघवी, कागद बदलणं. एकूण अर्धा तास. त्याखाली डॉक्टरांचा आणि तुमचा नंबर. जाळी उघडण्याआधी घराचं दार बंद, ही ओळ मोठ्या अक्षरात. आधी तीन-चार दिवस तुमच्यासमोर येऊ द्या. मावशींना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्यांना हे काम सांगू नका, त्यात दोघांचेही हाल होतात.

१३. लसी पूर्ण नाहीत. पाळणाघरात ठेवता येईल का?

अजून नको. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, शेवटचा सोळा आठवड्यांच्या आसपास. रेबीजची लस तीन महिन्यांना. त्याआधी अनेक कुत्री येतात अशा ठिकाणी पार्व्होचा (उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणाऱ्या रोगाचा) धोका मोठा असतो, त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. तोवर लसीकरण झालेला, ओळखीचा कुत्रा असलेल्या नातेवाइकांकडे ठेवणं चालतं. पाळणाघर निवडताना लसीचं कार्ड मागतात का ते बघा. न मागणारं पाळणाघर टाळा.

१४. एकमेकांना सोबत म्हणून दोन पिल्लं आणली तर?

काम दुप्पट होतं आणि एकटेपणा जातोच असं नाही. एकत्र वाढलेली दोन पिल्लं एकमेकांवाचून राहू शकत नाहीत, माणसाकडे लक्ष कमी देतात. पहिलं पिल्लू वर्षा-दीड वर्षाचं होऊन शांतपणे एकटं राहू लागलं की दुसऱ्याचा विचार करा.

१५. सोसायटीवाले म्हणतात, दिवसभर भुंकतं, काढून टाका. काय करू?

कुत्रा पाळायला सरसकट बंदी सोसायटीला करता येत नाही, बहुमतानेही नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी दुपारी बाळाला झोपवणाऱ्या शेजारणीचा त्रास खरा आहे. तिच्याकडून भुंकण्याच्या वेळा लिहून घ्या. पहिल्या वीस मिनिटांतच असेल तर प्रश्न ४ चा सराव कमी पडला. ठरावीक वेळी असेल तर घंटागाडी, कुरिअर किंवा शाळेची व्हॅन हे कारण असतं. कोपरा दारापासून लांब हलवा, पंखा किंवा रेडिओ हळू आवाजात चालू ठेवा. भुंकल्यावर झटका देणारे पट्टे वापरू नका, घाबरलेलं पिल्लू त्याने आणखी घाबरतं.

१६. मारबतीच्या दिवशी आणि दिवाळीत काय करायचं?

त्या दिवशी एकटं ठेवायचंच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारी भागात मारबतीच्या मिरवणुकीचा रस्ता घरावरून जात असेल तर सकाळीच पिल्लाला दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे न्या. घाबरलेलं पिल्लू उघड्या दारातून निसटतं आणि गर्दीत सापडत नाही. दिवाळीत आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंख्याचा आवाज, आणि जवळ माणूस. घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते हा गैरसमज आहे, खुशाल जवळ घ्या.

१७. रस्त्यावरून उचलून आणलेलं, महिन्याभराचं पिल्लू आहे. त्याला हेच नियम का?

नाही. आई जवळपास असेल तर ते मुळात उचलायचंच नाही, पिल्लाने आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. आई खरोखरच नसेल तर एवढ्या लहानाला दर तीन-चार तासांनी, रात्रीही, पिल्लांसाठीचं दूध किंवा त्यात भिजवलेलं मऊ खाणं लागतं. गाईच्या दुधाने जुलाब होतात. डिसेंबर-जानेवारीत कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवा. एक तासापेक्षा जास्त एकटं ठेवू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि ते चावलं असेल किंवा त्याची लाळ तुमच्या जखमेला लागली असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून तुम्ही स्वतः रेबीजची लस घ्यायला जा.

१८. घरी आलो तर पिल्लू सुस्त पडलेलं होतं. झोप समजायची की काही बिघडलं?

हाक मारून शेपटी हलली, उठून आळस दिला, तर झोप. उठत नसेल तर हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक, पांढऱ्या, निळसर किंवा विटेसारख्या लाल असतील तर लगेच निघा.

उन्हाळ्यात जोरात धाप, घट्ट लाळ, लटपट असेल तर ऊन लागलं आहे. गुदद्वारातून मोजलेलं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान, १०४ च्या वर धोका. अंगावर साधं नळाचं पाणी ओता, पोट-मांड्या-पंजे भिजवा आणि समोर पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो उष्णता आतच अडवतो. पाणी जबरदस्तीने तोंडात घालू नका. १०३ वर आलं की ओतणं थांबवा आणि तरीही डॉक्टरांकडे न्या, आतलं नुकसान काही तासांनी दिसतं.

लहान जातीचं पिल्लू उपाशी राहून लटपटत असेल तर हिरड्यांना बोटाने मध किंवा साखरेचं पाणी लावा आणि निघा. उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची जुलाबं असतील तर पार्व्हो धरून चाला, सकाळपर्यंत थांबू नका. काही विषारी खाल्ल्याची शंका असेल तर उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. वेष्टन किंवा बाटली सोबत घ्या. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आहे. तिथल्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या वेळा, रात्री कोण उघडं असतं हे, पिल्लू आणण्याच्या आधीच विचारून प्रश्न १२ मधल्या कागदावर लिहून ठेवा.